टाकीतला दुसरा फिल्टर

"आवाज नको," वहिनीने पुन्हा बजावलं. "कसलाही द्या, पण आवाज येता कामा नये."

दुकानदार जमादार बिचारा खोक्यांवर खोकी उघडून दाखवत होता. सांगलीतलं ते एवढंसं दुकान, तिन्ही भिंतींना माशांच्या टाक्या, आणि सगळ्या टाक्यांची घरघर चाललेली. माझं तर तिथे उभं राहून डोकं उठलं होतं. शनिवार होता. सोमवारी माझ्या भावाला, शशिकांतदादाला, मिरजेच्या दवाखान्यात दाखल करायचं होतं आणि मंगळवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन. आणि त्याची बायको, विमलवहिनी, इथे माशाच्या टाकीसाठी फिल्टर निवडत बसली होती.

"हा बघा, हा आत काचेला चिकटवायचा," जमादार म्हणाला. "पाणी ओढतोय, स्पंजातून गाळतोय आणि वरनं सोडतोय."

"असला घरी आहे."

"मग हा. बाहेरनं टांगायचा. धबधब्यागत पाणी पडतंय आत."

"पडलेलं दिसतं?"

"दिसतंय की! तीच तर मजा हाय वैनी."

"मग नको."

मी म्हटलं, "अहो वहिनी, दिसायला नको, ऐकू यायला नको, मग घ्यायचा तरी कशाला?"

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "साधा स्पंजचा फिल्टर आहे का, हवेच्या पंपावरचा? दगडामागे लपेल असा. पंप मात्र टाकीजवळ ठेवायचा नाही. स्वयंपाकघरात ठेवणार, ओट्याखाली. नळी तेवढी लांब मिळेल?"

"मिळेल. पर टाकी कुठं, पंप कुठं..."

"मधल्या खोलीच्या भिंतीला भोक आहे. त्यातून घेईन."

"मासा पाळलाय का आड खणताय?" मी म्हटलं. जमादारला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं.

"आणि बटण कुणी बंद केलं तर?" वहिनीने विचारलं.

"लोडशेडिंग म्हणताय होय? त्याला ह्यो बॅटरीचा हाय. लाइट गेली की आपोआप चालू."

"तेही लागेल. पण मी बटणाचं विचारतेय. पोरंबिरं येतात, हात लावतात."

"तुमच्या घरात पोरं कुठली आली?" मी विचारलं. त्यांचा एकुलता एक मुलगा बंगळुरात नोकरीला आणि शेजारी दोन्ही बाजूंना म्हातारी माणसं.

"येतात," वहिनी म्हणाली आणि तळातली घाण ओढायची नळी मागितली. मोठ्या तोंडाची. जमादारने ती कशी वापरायची ते दाखवलं, आठवड्यातून एकदा लावा म्हणाला, त्याबरोबर थोडं पाणी बदला.

"रोज लावली तर चालेल?"

"रोज? एक मासा रोज एवढी घाण करतोय?"

वहिनी नळीचं तोंड बोटांनी मोजत राहिली. वातावरण हलकं करावं म्हणून जमादार म्हणाला, "मागचा पण गेला न्हवं तुमचा? जाऊ द्या वैनी. मासा मेला म्हणजे घरावरचं कायतरी अंगावर घेऊन गेला म्हणायचं."

"असलं बोलू नका!" वहिनी अशी कडाडली की दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "फिल्टर विकताय ना? फिल्टर विका!"

मला तिची लाज वाटली. चांगल्या माणसाशी बोलायची ही काय रीत! पण तिचा स्वभावच तसला, असं मी तेव्हा धरून चालले होते. नणंद-भावजयीचं आमचं कधी जमलं नव्हतं. ती घुमी, मी तोंडाळ. कोल्हापुरात माझी खानावळ, दिवसभर माणसांशी तोंड वाजवायची सवय. गप्प बसणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी शिजत असतं असं मला वाटतं, अजूनही वाटतं.

आणि शिजतंय असा संशय यायला कारण होतं. दादाचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं. ऐन वेळी पुढे ढकललं. मग माघातली तारीख मिळाली, तीही ढकलली. दरवेळी फोनवर वहिनीचं एकच, "त्यांना जरा बरं वाटतंय, पुढची तारीख घेतली." डॉक्टर म्हणत होते की हे दुखणं थांबणारं नाही. माझी खात्री झाली होती की ही बाईच घाबरतेय किंवा हिला दवाखान्याची यातायात नको आहे. म्हणून या खेपेला खानावळ आचाऱ्याच्या हवाली करून मी स्वतः तासगावला येऊन बसले होते. भावाला गाडीत घालून नेल्याशिवाय परत जायचं नाही, एवढंच ठरवून.

परतीच्या एसटीत मी तोंड सोडलंच.

"माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही मासा जगवताय."

"हो. मासाच जगवतेय."

"लाज नाही वाटत?"

"सोमवारपर्यंत नाही वाटणार," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मांडीवरचं खोकं तिने दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

घरी दादा टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेला. माशाच्या डोक्यावर भलं मोठं टेंगूळ होतं, लाल डोळे, तोऱ्यात फिरायचा. मुलाच्या मित्राने पहिला मासा भेट दिला होता. वास्तूला चांगला म्हणून. तेव्हा दादा पोट धरून हसला होता. हायस्कुलात विज्ञान शिकवणारा माणूस तो. एकदा कुणीतरी दाराला लिंबू-मिरची बांधली, तर त्याने ते लिंबू काढून पोह्यांवर पिळून खाल्लं होतं, वर मिरचीही तोंडी लावली होती. गावात अजून सांगतात ते. पण माशाचा लळा लागला म्हणायचा. पहिला मेल्यावर दुसरा त्यानेच आणला, आणि दुसरा मेल्यावर हा तिसराही. टेंगळावरून नाव ठेवलेलं, हेडमास्तर.

"आल्या का खरेदी करून?" दादा म्हणाला. "हेडमास्तरांना काय आणलंत?"

"तुझ्या बायकोला विचार," मी म्हटलं.

"तळ साफ करायची नळी," वहिनी म्हणाली. फिल्टरचं खोकं तिने पदराआड धरून सरळ आत नेलं होतं. मी तोंड उघडलं, तर तिने आतून माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. का गप्प बसले ते मलाही कळलं नाही, आणि त्याचाच जास्त राग आला.

दादा माशाला खायला घालत होता. चिमूट टाकायचा, थोड्या वेळाने आणखी चिमूट.

"किती घालतोस? फुगून मरेल."

"खाऊ दे गं. सोमवारनंतर त्याला कोण विचारणार?"

दुपारी दादाचा डोळा लागल्यावर वहिनीने नवी नळी टाकीत सोडली आणि बादलीत पाणी ओढायला सुरुवात केली. पाण्याबरोबर न खाल्लेल्या दाण्यांचा तपकिरी गाळ येत होता. मग दगडामागे स्पंज बसवला, नळी भिंतीतून ओढून घेतली, ओट्याखाली पंप लावला. कान दिला तरी बाहेर ऐकू येत नव्हता. दवाखान्याची पिशवी कुणी भरली? मी भरली. टॉवेल, चादरी, तांब्या, सगळं मीच.

"वहिनी, दादाचे मोजे कुठे आहेत हे तरी सांगाल का, का तेही माशाला घातलेत?"

"दुसऱ्या फळीवर. आणि वन्सं, ह्या पंपाचं त्यांच्याजवळ बोलू नका."

"का म्हणून?"

"सांगितलं तेवढं करा."

"माझ्या भावाच्या घरात तुम्ही मला हुकूम सोडणार?"

"तुमच्या भावाचं घर आहे म्हणूनच सोडतेय," ती म्हणाली. मी मोजे फळीवरून ओढून पिशवीत कोंबले.

रविवारी पहाटे मी चहा ठेवायला उठले. मधल्या खोलीच्या दारात आले आणि थबकले. बनियनवर दादा टाकीपाशी वाकला होता. त्याने फिल्टरचं बटण बंद केलं. जुन्या फिल्टरची भुरभुर थांबली. मग डबा उघडून त्याने मूठभर खाणं पाण्यात टाकलं आणि खुर्चीत बसून माशाकडे बघत राहिला. तोंडावर कसलाही राग नाही, दुष्टपणा नाही. एसटीची वाट बघत बसलेल्या माणसासारखा बसला होता.

मी पुढे होणार, तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी धरलं. वहिनीने मला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"पाहिलंत? झालं समाधान?"

"काय करतोय तो?"

"काय करतोय ते तुम्हाला दिसलं. मारतोय माशाला." तिचा आवाज दबलेला होता, पण धारदार. "पहिला आपोआप मेला. दिवाळीनंतर, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. शेजारच्या काकू म्हणाल्या, सर, तुमच्यावरचं त्याने घेतलं. हे हसले. आणि संध्याकाळी मला म्हणतात, विमल, आज छातीत दुखलं नाही बघ, पुढची तारीख घेऊ. दुसरा मासा माघात आणला. तो तारखेच्या आत मेला. कसा मेला ते मी असंच दारातून बघितलं."

"खोटं बोलताय तुम्ही. दादा? लिंबू खाणारा दादा?"

"तो दिवसाचा माणूस. पहाटेचा माणूस वेगळा असतो. तुम्हाला कुठला माहीत असायला?"

"मग तोंडावर विचारलं का नाही त्याला?"

"काय विचारू? अहो, तुम्ही ऑपरेशनला घाबरून मासा मारताय का? गावाला विज्ञान शिकवलेल्या माणसाला? विचारलं असतं तर मेले असते, पण दवाखान्यात गेले नसते. मासा जिवंत राहिला तर यांना पळायला वाट नाही. म्हणून जगवतेय. आता ओरडा, बोलवा सगळ्यांना."

मी ओरडले नाही. ओट्याखाली पंप चालू होता. वाकून मी त्यावर हात ठेवला, चालतोय ना बघायला. वहिनीने ते बघितलं, पण तिच्या चेहऱ्यावरचं वैर काही उतरलं नाही.

त्या दिवशी आम्ही दोघींनी त्या माशावर पहारा ठेवला. दादा उठला की एकीने त्याला बोलण्यात गुंतवायचं, दुसरीने गाळ ओढायचा. खाण्याचा डबा मी पिठाच्या डब्यामागे लपवला. एकमेकींशी मात्र तुटकच बोलत होतो. "बादली." "सरका." "तुमच्याने व्हायचं नाही, इकडे द्या." मला दादाचा राग यायला हवा होता. तो येत नव्हता, म्हणून मी तो वहिनीवरच काढत होते.

सोमवारी सकाळी मासा पाण्यावर आडवा तरंगत होता. पाणी दुधासारखं झालं होतं आणि वर दाण्यांचा जाड थर. आणखी एक डबा दादाने कुठे ठेवला होता देव जाणे, तो रिकामा होऊन टाकीमागे पडला होता. स्पंज त्या राड्यात पार गच्च झाला होता. ओट्याखालचा पंप चालूच होता, त्याचा काही उपयोग नव्हता.

गाडी दारात आली होती. दादा आंघोळ करून बाहेर आला. टाकीकडे बघितलं, "अरेरे" म्हणाला. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. खुर्चीत बसला, छातीवर हात फिरवला.

"मालन," तो म्हणाला, "आज खरं सांगू का, बरंच हलकं वाटतंय. उगाच घाई नको करायला. डॉक्टरांना फोन करून..."

माझं डोकं फिरलं. "दादा!" मी म्हणाले आणि पुढचं सगळं तोंडाशी आलं. पहाटेचं, बटणाचं, मुठीमुठीने टाकलेल्या खाण्याचं. गावभर ऐकू जाईल असं मी बोलणार होते.

"गेला का मासा?" मागून वहिनी आली. पदराला हात पुसत, जशी दूधवाल्याची चौकशी करत असावी. "चला. बरं झालं. माझ्यावरचं गेलं."

दादाने मान वर केली. "तुझ्यावरचं?"

"मग कुणावरचं? छातीत गाठ होती माझ्या. तुम्हाला सांगितलं नव्हतं. मागच्या आठवड्यात मिरजेला जाऊन तपासून घेतली. काल संध्याकाळी निरोप आला, काही नाही म्हणून, साधी आहे. आणि आज हा गेला. याहून उघड काय पाहिजे?"

"तू... तू असलं मानतेस?"

"मी काय बाई माणूस, सातवी शिकलेली. मी मानते. तुम्ही मानत नाही ना? मग तुमचा त्याच्याशी संबंधच काय? माझं होतं ते त्याने नेलं. तुमचं आहे ते तुमच्यापाशीच आहे. उठा, गाडी थांबलीय."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग मेलेल्या माशाकडे. त्याच्या ओठांचा रंगच गेला. रिपोर्ट दाखव, असं तो म्हणाला नाही. कधी गेलीस, कुणाबरोबर गेलीस, दुखत होतं का, तेही नाही. एवढंच म्हणाला, "नक्की तुझंच ना?"

"नक्की," वहिनी म्हणाली.

तो उठला. आत जाऊन शर्ट घातला आणि मुकाट्याने गाडीत बसला. 

मंगळवारी त्याला आत नेल्यावर आम्ही दोघी दवाखान्याच्या बाकावर बसलो. मी मनातल्या मनात वहिनीला मानत होते. मनातल्या मनातच. शेवटी न राहवून म्हटलं, "काय थाप मारलीत वहिनी! गाठ काय, निरोप काय! मला सात जन्मांत सुचली नसती."

 तिने इकडेतिकडे बघितलं, माझा हात धरला आणि पदराखालून काखेच्या जरा खाली नेऊन दाबला. बोटांना लागलं. सुपारीपेक्षा मोठं, टणक, हलत नसलेलं.

"तपासलीत ना?" मी विचारलं.

"कधी तपासणार? यांचं एकदा होऊ दे, मग बघू म्हटलं."

"कधीपासून आहे?"

"दिवाळीला तेल लावताना हाताला लागली."

दिवाळी. म्हणजे पहिल्या तारखेच्याही आधी. दादाने एक तारीख ढकलली, वहिनी थांबली. त्याने दुसरी ढकलली, वहिनी आणखी थांबली. मला तिचा इतका राग आला की तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल.

"उठा," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता उठा. ह्याच इमारतीत डॉक्टर बसतात."

"ते बाहेर येऊ देत."

"तो येईल नाहीतर जाईल! उठताय का ओढत नेऊ?"

"वन्सं, लोक बघतायत."

"बघू देत!"

मी तिला खरंच दंडाला धरून नेलं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली आणि त्यांचा चेहरा बदलला. "इतके दिवस का थांबलात?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, "घरात दुसरं आजारपण होतं." वर माझ्या भावाची छाती उघडलेली होती. तो वाचू दे म्हणून मी देवाला विनवत होते आणि त्याच तोंडाने दादाला शिव्या देत होते.

दादा वाचला. महिन्याभरात चालायला लागला. मग वहिनीने त्याला सांगितलं की नवी गाठ आली आहे. जुनीचा काही संबंध नाही, नवी. तिचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले. मी कोल्हापूरहून येऊन-जाऊन करायची. शेवटच्या दिवसांत एकदा डोक्याला तेल चोळत होते, तर ती म्हणाली, "त्यांना कधी बोलू नका हं. तुमच्या तोंडाचा भरवसा नाही म्हणून सांगतेय." पुढची दिवाळी तिने बघितली, त्यानंतरची नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दादा सत्तरी ओलांडून ठणठणीत आहे. सकाळी फिरायला जातो, बोलावलं तर शाळेत जाऊन अंधश्रद्धेवर व्याख्यानही देतो. रक्षाबंधनाला मी जाते. जेवणं झाली की तो आरामखुर्चीत बसतो, भिंतीवरच्या वहिनीच्या फोटोकडे बघतो आणि दरवर्षी तेच म्हणतो.

"मालन, मी असलं काही मानत नाही, तुला माहीत आहे. पण त्या वेळी विमलला त्या माशाने वाचवलं, एवढं मात्र खरं. पुढे दुसरी गाठ आली, त्याला कोण काय करणार? त्या वेळचा रिपोर्ट चांगला होता ना तिचा?"

"हो दादा," मी म्हणते. "चांगला होता."

आणि उठून भांडी घासायला आत जाते. त्याच्या समोर बसून राहिले तर तोंडातून काय जाईल, याची मला खात्री नाही.